डावा डोपा की उजवा डोपा? सोन्याच्या इलेक्ट्रोडवर कायरल सेन्सर करायची पूर्ण प्रोसिजर

कायरल सेन्सरवर (म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेले डावे-उजवे, एल आणि डी रेणू वेगवेगळे ओळखणारा सेन्सर) प्रोजेक्ट करणाऱ्या पोरापोरींचा एक कॉमन घोळ असतो. इलेक्ट्रोडवर काहीतरी कायरल थर चढवला, एल रेणू टाकला तर पीक (करंटच्या ग्राफमधलं टोक) आलं ६ मायक्रोॲम्पिअर, डी टाकला तर आलं ५, की झालं, सेन्सर ओळखतोय म्हणून स्लाइड तयार. मग व्हायव्हाला कुणीतरी शांतपणे विचारतं की दोन्ही बाटल्यांचं कॉन्सन्ट्रेशन सारखं होतं हे कशावरून, आणि तिथे गाडी अडते. त्यामुळे खालची सगळी प्रोसिजर मी त्या एकाच प्रश्नाभोवती लिहिलीये. थर कसा चढवायचा ते कुठेही मिळेल, पण दिसलेला फरक खरंच डाव्या-उजव्याचा आहे का हे सिद्ध कसं करायचं ते फार लोक धड लिहीत नाहीत.

उदाहरण म्हणून डोपा घेतोय. पार्किन्सन्सच्या पेशंटला देतात तो एल-डोपा, म्हणजेच लेव्होडोपा. १९६७ मध्ये कॉटझियास या डॉक्टरने मोठ्या डोसचे जे प्रयोग केले त्यात एल आणि डी दोन्हींचं मिश्रण होतं, फायदा दिसला पण काही पेशंटच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या, आणि पुढे दोनेक वर्षांत नुसता एल वापरायला सुरुवात झाली. शरीरातलं जे एन्झाइम डोपाचं डोपामिन करतं ते डी रेणूला हातच लावत नाही, म्हणजे तो अर्धा डोस नुसताच आत जात होता. नंतर मोन्सँटो या अमेरिकन कंपनीत नोल्स या केमिस्टने एल-डोपा वेगळा बनवायची कॅटलिस्टची पद्धत काढली, २००१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा त्याच प्रकारच्या कामासाठी होता. आणि आपल्याकडे कोकणात, घाटात बांधावर वाढणारी खाजकुइली, तिच्या बियांत एल-डोपा भरपूर असतो, १९३७ मध्ये मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी तो त्या बियांतून वेगळा काढला होता. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीच्या दृष्टीने डोपा सोयीचा, कारण तो कमी व्होल्टेजला ऑक्सिडाइज होतो, दोन इलेक्ट्रॉन दोन प्रोटॉन, आणि पीक स्वच्छ येतं.

आधी थोडी थिअरी, टाळू नका

साध्या सोन्यावर किंवा कार्बनवर एल आणि डी दोघांचं पीक त्याच व्होल्टेजला, तेवढ्याच उंचीचं येणार. येत नसेल तर बाटलीत किंवा हातात गडबड आहे. फरक पडायला पृष्ठभागच डावा किंवा उजवा लागतो, डाव्या पायातला चप्पल उजव्या पायात घातला की चावतो तसं. म्हणजे एल थरावर एल रेणू आणि एल थरावर डी रेणू या दोन जोड्यांची एनर्जी थोडी वेगळी होते.

थोडी म्हणजे किती? समजा फरक १ किलोज्यूल प्रति मोल. खोलीच्या तापमानाला त्याने चिकटण्याच्या इक्विलिब्रियम कॉन्स्टंटमध्ये साधारण दीडपट फरक पडतो, ही चांगली गोष्ट. पण तेवढाच फरक व्होल्टेजमध्ये धरला तर दोन इलेक्ट्रॉनच्या रिॲक्शनला जेमतेम ५ मिलिव्होल्ट. म्हणून बहुतेक सेन्सर पीकच्या उंचीतला फरक दाखवतात, जागेतला नाही. जागेत मोठा फरक दाखवणारे थर आहेत, मिलानच्या मुसिनी आणि सॅनिकोलो यांच्या ग्रुपने २०१४ मध्ये असे पॉलिमर दाखवले ज्यांचा सगळा कणाच पिळलेला असतो, आणि तिथे दोन पीक १०० मिलिव्होल्टच्या आसपास लांब जातात. तसं असेल तर मजाच, एकाच स्कॅनमध्ये दोघं शेजारी शेजारी दिसतात. पण तो मोनोमर आधी सिंथेसाइज करा, मग त्याचे डावे-उजवे वेगळे करा, तो वेगळाच उद्योग आहे. आपण स्वस्तातला मार्ग घेऊ, सोन्यावर सिस्टीन (सल्फर असलेलं अमिनो ॲसिड).

थर म्हणून सिस्टीनच का

बरेच जण बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनकडे धावतात. सात ग्लुकोजची रिंग, मध्ये साधारण ०.६ नॅनोमीटरची पोकळी, स्वस्त, आणि ट्रिप्टोफॅनसारख्या रेणूंवर चालते सुद्धा. कायटोसानचंही तसंच. माझी तक्रार एकच आहे, निसर्ग या दोन्हींचा एकच अवतार देतो. त्यांचा आरशातला जोडीदार दुकानात मिळत नाही, त्यामुळे पुढे सांगतोय ती उलटतपासणी करताच येत नाही. सिस्टीन मात्र एल, डी आणि रेसिमिक (दोघांचं अर्धं-अर्धं मिश्रण) तिन्ही मिळतं, सल्फरमुळे सोन्याला आपोआप चिकटतं, आणि त्याच्यावर अमाईन आणि ॲसिड दोन्ही ग्रुप आहेत म्हणजे डोपाला धरायला जागा आहे. होमोसिस्टीन आणि पेनिसिलामाइन हेही पर्याय आहेत, होमोसिस्टीनच्या थरावर डोपाचे दोन प्रकार वेगळे दिसल्याचं पब्लिश झालेलं आहे, पण डी-होमोसिस्टीनची किंमत बघून गाईड तोंड वाकडं करतील. पेनिसिलामाइन घ्याल तर एवढं लक्षात ठेवा की डी औषध आहे आणि एल विषारी, दोन्ही बाटल्यांवर ठळक लेबल लावा.

खरेदी करताना एक सापळा. सिस्टीन दोन रूपात येतं, साधं आणि हायड्रोक्लोराइड मोनोहायड्रेट. साध्याचं मोलर मास १२१.१६, दुसऱ्याचं १७५.६३. एक बाटली एका रूपातली आणि दुसरी दुसऱ्या रूपातली आली, आणि दोन्ही तेवढेच मिलिग्रॅम तोलले, तर कॉन्सन्ट्रेशनही वेगळं आणि पीएचही वेगळा. दोन्ही एकाच रूपातल्या मागवा, लेबल वाचा, परत वाचा.

दोन बाटल्या सारख्या करणं, सगळ्यात महत्त्वाचं

एल-डोपा आणि डी-डोपा साधारणपणे वेगळ्या रस्त्याने बनतात, त्यामुळे त्यांच्यातली घाण वेगळी, ओलावा वेगळा. तोलून १० मिलिमोलर केलं म्हणजे १० मिलिमोलर झालं असं समजू नका. २५ मिलिसाठी ४९.३ मिलिग्रॅम लागतं, ते ०.०५ मोलर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळवा. न्यूट्रल पाण्यात किंवा अल्कलीत करू नका, डोपा हवेने गुलाबी मग तपकिरी मग काळा होत जातो, तेच ते मेलॅनिन, आणि दोन बाटल्यांपैकी एक जास्त वेळ टेबलावर राहिली की तिचं पीक आपोआप कमी. ॲसिडमध्ये अमाईन प्रोटॉन घेऊन बसतं, त्यामुळे ऑक्सिडेशननंतर रिंग बंद होऊन पुढचा पसारा होत नाही.

मग दोन्हीचं यूव्हीत २८० नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स घ्या, डायल्यूट करून, त्याच क्युव्हेटमध्ये. आरशातले जोडीदार साध्या प्रकाशाला एकदम सारखे असतात, म्हणून दोन्ही आकडे जुळेपर्यंत जास्तवाल्यात थोडं ॲसिड घालून सारखं करा. पूर्ण स्पेक्ट्रमही एकावर एक ठेवून बघा, ३०० च्या पुढे एखादीत शेपूट दिसली तर ती बाटली ऑक्सिडाइज व्हायला लागलीये, टाकून द्या. डिपार्टमेंटला पोलरिमीटर असेल (बहुतेक ठिकाणी कपाटात असतोच, सोडियमचा दिवा चालू आहे का तेवढं बघा) तर दोघांचं रोटेशन सारख्या आकड्याचं आणि उलट चिन्हाचं येतंय ना बघा, डोपाचं रोटेशन फार मोठं नसतं म्हणून लांब ट्यूब घ्या.

सोनं घासणे

२ मिलिमीटरची गोल्ड डिस्क, पॉलिशिंग पॅडवर आधी ०.३ आणि मग ०.०५ मायक्रॉन ॲल्युमिना, इंग्रजी आठच्या आकड्यात, दाब न देता. मग डिस्टिल्ड पाण्यात थोडा वेळ सोनिकेटर. फार वेळ ठेवू नका, डिस्कच्या कडेचं सील सुटतं आणि मग आत शिरलेलं पाणी पुढच्या सगळ्या रीडिंगची वाट लावतं. पिरान्हा सोल्यूशन (सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं जहाल मिश्रण) लागत नाही, काही जण सवयीने वापरतात, पण प्लॅस्टिक बॉडीच्या इलेक्ट्रोडला ते वापरूच नये आणि नवशिक्याने तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता ०.५ मोलर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये सीव्ही (सायक्लिक व्होल्टामेट्री, व्होल्टेज वर-खाली फिरवत करंट मोजणं) चालवा, −०.२ ते १.५ व्होल्ट, १०० मिलिव्होल्ट प्रति सेकंद, लागोपाठचे स्कॅन एकमेकांवर बसेपर्यंत. परत येताना ०.९ व्होल्टच्या आसपास सोन्याच्या ऑक्साइडचं एक सुबक पीक येतं, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत. ते पीक नुसतं बघून पुढे जाऊ नका, त्याखालचा चार्ज काढा. सोन्याच्या एका चौरस सेंटीमीटरला साधारण ३९० मायक्रोकूलॉम धरतात. समजा तुमचा चार्ज आला २० मायक्रोकूलॉम, तर खरा एरिया ०.०५१ चौरस सेंटीमीटर, आणि डिस्कचा भूमितीतला एरिया आहे ०.०३१४, म्हणजे खडबडीतपणा १.६ पट. हा आकडा प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी वहीत लिहा. एल थराचा इलेक्ट्रोड १.६ आणि डी थराचा २.५ असेल तर दोघांची तुलना करण्यात काही अर्थ नाही, परत घासा.

थर चढवणे

सिस्टीनचं १० मिलिमोलर सोल्यूशन ताजं करा, २० मिलिला हायड्रोक्लोराइड रूप असेल तर ३५.१ मिलिग्रॅम, साधं असेल तर २४.२. पाण्यातून आधी नायट्रोजन सोडा, कारण हवेत सिस्टीनची जोडी होऊन सिस्टाइन बनतं जे पाण्यात नीट विरघळतही नाही, सोल्यूशन धुरकट दिसलं की समजायचं शिळं झालं. इलेक्ट्रोड त्यात रात्रभर उलटं टांगून ठेवा, डिस्कवर बुडबुडा अडकलेला नाही ना बघा, सकाळी भरपूर पाण्याने धुवा.

इलेक्ट्रोड चार गटात करा: एल-सिस्टीन, डी-सिस्टीन, रेसिमिक सिस्टीन, आणि नुसतं सोनं. प्रत्येक गटात निदान तीन. हो, बारा डिस्क कुणाकडे नसतात, त्याच परत घासून वापरा, फक्त कुठली डिस्क कुठल्या गटात जाते ते फिरवत राहा, म्हणजे एखाद्या डिस्कचा स्वभाव एकाच गटाच्या माथी बसणार नाही.

थर बसला का हे फेरीसायनाइडने (थर असेल तर त्याचं पीक दबतं असं धरून) तपासायची सगळ्यांना सवय आहे, पण सिस्टीनचा थर इतका बुटका असतो की तो इलेक्ट्रॉन फारसे अडवत नाही, आणि पीएचप्रमाणे त्याचा चार्ज बदलतो, म्हणून पीक कमी झालं नाही याचा अर्थ थर नाही असा होत नाही. त्यापेक्षा प्रत्येक बॅचमधला एक इलेक्ट्रोड बळी द्या: ०.१ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड, नायट्रोजन सोडलेलं, ० पासून −१.२ व्होल्टकडे. −०.७ ते −०.८ च्या आसपास सल्फर सुटल्याचं पीक येतं, त्याचा चार्ज खऱ्या एरियाने भागा. दाट बसलेल्या साध्या थायॉलला (सल्फरच्या टोकाने सोन्याला चिकटणारा रेणू) तो ७५ मायक्रोकूलॉम प्रति चौरस सेंटीमीटरच्या आसपास असतो, सिस्टीनला त्याहून कमी चालेल, पण एल आणि डी बॅचचा सारखा हवा.

मोजमाप

बॅकग्राउंडला ०.१ मोलर सोडियम सल्फेट, सल्फ्युरिक ॲसिडने पीएच २ ला आणलेलं. पीएच २ सहज निवडलेला नाही. बायसल्फेटचा पीकेए (ज्या पीएचला अर्ध्यांचा प्रोटॉन सुटलेला असतो) २ च्या जवळ आहे म्हणून तिथे बफर म्हणून चांगलं काम करतं, आणि सिस्टीन व डोपा दोघांचे ॲसिड ग्रुप याच भागात अर्धवट प्रोटॉन सोडतात, त्यामुळे थर आणि रेणू यांच्यातली पकड पीएच थोडा हलवला तरी बदलते. पुढे १.५ ते ३ पर्यंत पायऱ्या पायऱ्यांनी बघा, फरक सगळ्यात जास्त कुठे येतो ते तिथेच सापडण्याची शक्यता जास्त. पण एल आणि डीच्या सोल्यूशनचा पीएच सारखा हवा, या रिॲक्शनमध्ये एका पीएच युनिटला ५९ मिलिव्होल्ट पीक सरकतं, म्हणजे ०.०५ चा फरक सुद्धा ३ मिलिव्होल्ट, आणि वर बघितलंच की आपण शोधतोय तो फरक केवढा आहे.

परक्लोरिक ॲसिड वापरायचा मोह होईल, सोन्याला चांगलं असतं म्हणून. पण रेफरन्स इलेक्ट्रोडमध्ये पोटॅशियम क्लोराइड असेल तर त्याच्या टोकाच्या फ्रिटमध्येच (सच्छिद्र बुचात) पोटॅशियम परक्लोरेट साचून ते चोंदतं आणि व्होल्टेज भरकटायला लागतं, का भरकटतंय ते कळतही नाही. क्लोराइड झिरपून सोन्याला लागू नये म्हणून डबल जंक्शन (मध्ये सोल्यूशनचा आणखी एक कप्पा असलेला रेफरन्स) असेल तर उत्तम.

डोपा ०.५ मिलिमोलर, १० मिनिटं नायट्रोजन, मग बुडबुडे बंद करून २ मिनिटं शांत ठेवा, हीच थराला रेणू धरायला मिळणारी वेळ, दर वेळी तेवढीच. आधी सीव्ही, ० ते ०.७५ व्होल्ट, ५० मिलिव्होल्ट प्रति सेकंद, पीक कुठे येतंय ते कळायला. मग नव्या इलेक्ट्रोडवर डीपीव्ही (डिफरन्शिअल पल्स व्होल्टामेट्री, व्होल्टेजच्या छोट्या झटक्यांनी करंट मोजणं), पल्स ५० मिलिव्होल्ट, स्टेप ४ मिलिव्होल्ट. ०.८ च्या वर जाऊ नका, सल्फरचा थर ऑक्सिडाइज होऊन सुटायला लागतो आणि तुमचा कायरल सेन्सर नुसतं सोनं होऊन बसतो. तापमान पाण्याच्या जॅकेटने २५ ला धरा, आपल्याकडे सकाळच्या आणि दुपारच्या लॅबमध्ये एप्रिल-मेला फार फरक पडतो आणि करंट तापमानाबरोबर चढतो. सकाळी सगळे एल आणि दुपारी सगळे डी हे तर अजिबात नको, क्रम मिसळा, आणि शक्य असेल तर मित्राला बाटल्यांवर क, ख लिहायला सांगा, कुठली कुठली ते तुम्हाला शेवटी कळू दे.

चार आकडे

आता खरी गोष्ट. एल थरावर एल, एल थरावर डी, डी थरावर एल, डी थरावर डी. आरशाचा नियम असा की पहिलं आणि चौथं सारखं यायला हवं, दुसरं आणि तिसरं सारखं यायला हवं. सेन्सर बदलून थराचा हात उलटा केला की निकालही उलटायलाच हवा. दोन्ही थरांवर एलच मोठा येत असेल तर तो कायरल फरक नाही, तुमची एलची बाटली घट्ट आहे.

प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी मिसळून येतात, त्यासाठी हे गणित करा. समजा (आकडे समजवण्यापुरते आहेत) एल थरावर एल ४.२ आणि डी ३.६ मायक्रोॲम्पिअर, भागाकार १.१६७. डी थरावर एल ३.९ आणि डी ४.३, भागाकार ०.९०७. पहिल्याला दुसऱ्याने भागून वर्गमूळ काढा, १.१३, हा थराने ओळखलेला खरा फरक. दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, १.०३, हा बाटल्यांमधला ३ टक्के फरक, जो यूव्हीने जुळवूनही उरला. बघा, नुसत्या एल थरावर थांबला असतात तर १७ टक्के फरक सांगितला असतात. रेसिमिक थरावर आणि नुसत्या सोन्यावर भागाकार १.०३ च्याच आसपास यायला हवा, आला तर सगळं एकमेकांना धरून आहे. नाही आला तर थरांची दाटी परत तपासा.

मिश्रण ओळखणं हे पुढचं काम. एकूण डोपा कायम ठेवून एलचं प्रमाण ०, २५, ५०, ७५, १०० टक्के करा आणि पीकचा ग्राफ काढा. सरळ रेष येईलच असं नाही, दोघं थरावरच्या त्याच जागांसाठी भांडतात. आणि इथे उत्साहाला आवर घाला: शुद्ध एल आणि शुद्ध डी यांत १३ टक्के फरक असेल आणि तुमचं रीडिंग ३ टक्क्यांनी हलत असेल, तर एलचं प्रमाण तुम्हाला साधारण २० टक्के इकडे-तिकडे एवढंच कळतंय. औषधातली अर्धा-एक टक्का डीची भेसळ याने पकडणार असं थिसिसमध्ये लिहू नका, कायरल कॉलमवाली एचपीएलसी (सोल्यूशन कॉलममधून ढकलून रेणू वेगळे करणारं मशीन) ते काम करते आणि परीक्षकाला ते माहीत असतं. शिवाय एकूण डोपा किती आहे ते वेगळ्या, कायरल नसलेल्या इलेक्ट्रोडवर आधी मोजावंच लागतं, नाहीतर कमी एल आणि जास्त डी यात फरक करता येत नाही.

फरक वाढवायचा असेल तर बाकी रस्ते आहेत. बोर्दोच्या कून आणि थायलंडच्या वत्तनकित यांनी प्लॅटिनममध्ये कायरल रेणूचा साचा ठेवून तो काढून टाकला, धातूतच डावी-उजवी भोकं राहिली, हे २०१४ चं काम. पॉलिपायरोलमध्ये साचा घेणं त्यापेक्षा सोपं आणि कॉलेज लॅबमध्ये जमण्यासारखं, आणि साच्याला एल आणि डी दोन्ही वापरता येतात म्हणून उलटतपासणीही होते. एन्झाइम असेल तर प्रश्नच मिटतो, घरातला ग्लुकोमीटर हा तसाच इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर आहे, त्यातलं एन्झाइम डी-ग्लुकोजलाच हात लावतं, एल-ग्लुकोज टाकलं तर मशीन ढिम्म हलणार नाही.

खरं सॅम्पल

लेव्होडोपाच्या गोळीत बहुतेक वेळा कार्बिडोपा असतो, तोही डोपासारखाच कॅटेकॉल (बेंझिन रिंगवर शेजारी शेजारी दोन ओएच), तोही जवळपासच ऑक्सिडाइज होतो, आणि तोही कायरल. म्हणजे गोळी कुटून थेट सेलमध्ये टाकली तर जे पीक येईल त्यात दोघं असतील. कार्बिडोपा एकटा आपल्या थरावर कसा दिसतो ते आधी बघून घ्या. खाजकुइलीच्या बिया (आयुर्वेदिक दुकानात कौंचबीज म्हणून मिळतात, लव असलेल्या जंगली शेंगा हाताळू नका, नंतर तासभर खाजवत बसाल) दळून पातळ ॲसिडमध्ये थंडच काढा, उकळायची गरज नाही, गाळा, लगेच वापरा. त्यात बाकीचे फिनॉल आणि प्रोटीन असतात जे थरावर बसतात आणि पीक दाबतात. म्हणून अर्काचे दोन भाग करा, एकात माहीत असलेला एल-डोपा घाला, दुसऱ्यात तेवढाच डी-डोपा, आणि एल व डी दोन्ही थरांवर परत तीच चार रीडिंग घ्या. घातलेल्या एल आणि डीने पीक जेवढं जेवढं वाढलं त्यांचा भागाकार शुद्ध सोल्यूशनच्या जवळ आला तर अर्कातही सेन्सर काम करतोय. चारही सारखंच वाढलं तर थरावर घाण बसलीये, अर्क अजून पातळ करून परत बघा, आणि तरी नाही जमलं तर त्या सॅम्पलसाठी सरळ कॉलमकडे जा.